मध्यंतराला उठणारे शेवडे

मध्यंतराचे दिवे लागले तसे ढुंढिराज शेवडे खुर्चीखालची छत्री उचलून उभे राहिले. शेजारचा माणूस समोसे आणायच्या तयारीत होता. छत्री बघून त्याने विचारलं, "चाचा, बाहर जा रहे हैं कि घर?"

"घर," शेवडे म्हणाले. "आप भी चलिए. आधी शाम अभी बची है."

तो हसला, पण आला नाही. लोकांचं असंच असतं. तिकीट काढलंय म्हणून वाईट सिनेमा शेवटपर्यंत बघतात आणि मग बाहेर येऊन डोकं धरतात. शेवड्यांना ते कधी पटलं नाही. नासलेल्या दुधाची बासुंदी होत नाही हे एकदा कळल्यावर आणखी ढवळत कशाला बसायचं?

गेटवरच्या माणसाने त्यांना येताना पाहिलं आणि कडी काढली. "फेल?" त्याने विचारलं. "फेल," शेवडे म्हणाले. थिएटरच्या मॅनेजरला हा प्रकार मुळीच आवडत नसे, कारण शेवडे उठले की बाल्कनीतली आणखी दोन-चार माणसं चुळबुळ करू लागत. पण उठणाऱ्याला धरून बसवायचा कायदा अजून झालेला नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी विश्वेश्वर चौरसियाचं पानाचं दुकान होतं. राजा घाटाच्या वरच्या गल्ल्यांमध्ये नवा सिनेमा बघायचा की नाही, हे त्या दुकानापुढे ठरत असे, आणि ठरवत असत शेवडे.

"का गुरु, एतना जल्दी?" विश्वेश्वरने काताची काडी हातात तशीच धरून विचारलं. "फेल हो गयल का?"

"ग्रेस मार्क देके भी पास नहीं होगा."

मग शेवड्यांनी कारणं सांगितली. नायक मुन्शी घाटावर नावेत बसतो, गाण्याचं एक कडवं म्हणतो आणि थेट शिंदे घाटावर उतरतो. ती नाव आहे की आगगाडी? नायिकेचा बाप पंडित, त्याच्या गळ्यात इतक्या माळा की गंगेत उतरला तर वर यायचा नाही. घरात सकाळ-दुपार-संध्याकाळ घंटा वाजतात, पण चूल पेटलेली एकदाही दिसत नाही.

"जिस पिक्चर में कोई खाना नहीं खाता, विश्वेश्वर," शेवडे म्हणाले, "उस पिक्चर में कोई जीता भी नहीं. सब खाली खड़े रहते हैं."

विश्वेश्वरने मान डोलावली. दुकानापुढे उभ्या असलेल्या दोघांनी उद्याचा बेत तिथल्या तिथे रद्द केला. शेवडे पान तोंडात टाकून घराकडे वळले. ते खुशीत होते. चांगला सिनेमा बघून आल्यावर ते गप्प असत, आणि वाईट बघून आले की त्यांची तब्येत सुधारत असे.

घरी लतिकाबाई दारातच उभ्या होत्या. चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, "झाला पाहून?"

"झाला कसला, मी संपवला. मध्यंतराला."

"मध्यंतराला?" लतिकाबाई आत जाता जाता थांबल्या. "म्हणजे पुढचा पाहिलाच नाही तुम्ही?"

"शितावरून भाताची परीक्षा, लतिका. सगळं पातेलं कशाला उपसायचं?"

स्वयंपाकघरात गव्हल्यांची खीर झाली होती. सणवार काहीच नव्हता, म्हणून शेवड्यांनी पाटावर बसताना विचारलं, "आज काय विशेष?"

"काही नाही. गव्हले संपवायचे होते." लतिकाबाईंनी वाटी पुढे सरकवली. "पण पुढे काही चांगलं असेल तर?"

"पुढे काय असणार? ती डुबणार, तो वाचवणार, बाप माळा काढून ठेवणार."

"आपल्या राजा घाटावर शूटिंग केली होती ना त्यांनी. ते पुढच्या भागात असेल."

"राजा घाट मी रोज बघतो. फुकट."

त्या शूटिंगबद्दल शेवड्यांचं मत गल्लीला माहीत होतं. आदल्या वर्षी कार्तिकात ती मंडळी गाड्या आणि दिवे घेऊन घाटावर उतरली, तेव्हा अर्धा मोहल्ला नवे कपडे घालून गर्दीत उभा राहायला धावला होता. शेवडे घरातून हलले नाहीत. 'पुरी-भाजीच्या पाकिटासाठी तोंड दाखवायला उभे राहतात लेकाचे,' असं ते तेव्हा म्हणाले होते आणि नंतरही बरेच दिवस म्हणत होते.

लतिकाबाईंनी खिरीत आणखी तूप घातलं. मग पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "उद्या जाऊ या का? आपण दोघं?"

शेवड्यांना हसू आलं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं सोडली तर लतिकाबाईंनी सिनेमाला चला असं कधी म्हटलं नव्हतं. "अगं, नोकरीत एवढे लोक वशिले घेऊन आले, तरी मी फेल झालेल्या पोराची कॉपी परत उघडली नाही. आता घरात उघडू?"

"ठीक," लतिकाबाई म्हणाल्या.

शेवड्यांनी दोन वाट्या खीर खाल्ली आणि छान झाली असं सांगितलं. शुक्रवारी तो सिनेमा उतरला. शेवड्यांना त्याचं फार आश्चर्य वाटलं नाही.

खरं सांगायचं तर नोकरीत त्यांनी कुणालाच पास किंवा नापास केलं नव्हतं. ते काम प्राध्यापकांचं. शेवडे विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मार्कांच्या बेरजा पडताळत असत. पण आयुष्यभर त्याच दोन शब्दांशी संबंध आला की माणूस जगाकडेही तसंच बघायला लागतो. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या मागोमाग काशीला आले. घरात वेद होता, न्याय होता, व्याकरण होतं. त्यातलं शेवड्यांपर्यंत काही पोचलं असेल तर मत देण्याची खोड. ग्रंथ उरले नव्हते, म्हणून ती सिनेमावर चालवावी लागली.

आणि मतं काही उसनी नसत. सगळं शहर ज्या सिनेमाला रुमाल घेऊन गेलं, तो त्यांनी एका वाक्यात निकालात काढला होता. त्यात आई पहिल्या दहा मिनिटांत खोकते आणि शेवटच्या दहा मिनिटांत मरते. "एवढा लांबलेला खोकला आजार नसतो, भाडेकरू असतो," असं ते म्हणाले. हिंदी सिनेमातल्या मराठी माणसावर तर त्यांचा खास राग. "तीनशे वर्षं झाली आम्हाला काशीत येऊन. घाट बांधले, पाठशाळा चालवल्या. आणि पिक्चरमध्ये आम्हाला काम काय? हवालदार नाहीतर भांडीवाली!"

आवडलेल्या सिनेमांची गोष्ट वेगळी. ते थोडे होते आणि त्यांच्याबद्दल ते हळू आवाजात बोलत. एका सिनेमात एक म्हातारा न्हावी दुकानात वीज यायची वाट बघत असतो. अर्ज, खेपा, लाच, सगळं होतं आणि शेवटी दिवा लागतो, तेव्हा त्याला दिसतं की आपला आरसा किती मळलाय. बस्स, एवढंच. तो सिनेमा शेवड्यांनी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा घरी येऊन मुकाट्याने जेवले. दुसऱ्या एकात दोन भाऊ घर वाटून घेतात आणि वडील ज्या खाटेवर गेले ती खाट कुणालाच नको असते. ती अंगणात पावसात भिजत राहते. ते सांगताना शेवडे पानातला भात नुसताच कालवत राहत.

हे सगळं ऐकायला घरात लतिकाबाई होत्या. नवं लग्न झालं तेव्हा शेवडे त्यांना बरोबर नेत, पण त्या अंधारात मोठ्याने विचारत, "आता ही कुठे निघाली?" आणि रडायचं नसे तिथे रडत. शेवडे संकोचून गेले आणि मग एकटेच जाऊ लागले. बाईंनी तक्रार केली नाही. रात्रीच्या जेवणाबरोबर सिनेमा त्यांना पानात वाढल्यासारखा मिळत असे. जो पास झाला तो शेवटपर्यंत, नापास झालेला मध्यंतरापर्यंत. लतिकाबाईंच्या डोक्यात असे कितीतरी सिनेमे अर्धे पडून होते. कोण बुडालं, कोण वाचलं, कुणाचं लग्न झालं, त्यांना कधी कळलं नाही.

त्या सिनेमाला बरीच वर्षं लोटली, आणि दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत लतिकाबाई गेल्या. आधी ताप आला, मग छातीत कफ झाला, आणि आठवडा उलटायच्या आत सगळं संपलं. त्यानंतर शेवडे सिनेमाला गेले नाहीत. नेम वगैरे काही नव्हता. बघून आल्यावर सांगायचं कुणाला, एवढाच प्रश्न होता, आणि त्यांना त्याचं उत्तर सापडलं नाही. तसंही ते थिएटर पाडून तिथे कपड्यांची दुकानं झाली होती.

त्यांची मुलगी ऋता जबलपूरला बँकेत होती. दिवाळीला आली तेव्हा तिने भिंतीवर मोठा टीव्ही लावून दिला आणि त्यात हजारो सिनेमे आहेत असं सांगितलं. शेवड्यांनी चार-दोन चालू करून पाहिले. "यात मध्यंतरच नाही," ते म्हणाले. "मग माणसाने उठायचं कधी?"

"बाबा, जब मन करे तब," ऋता म्हणाली. "रिमोट तुमच्या हातात आहे."

त्या दुपारी शेजारच्या कालिंदीताई पाटणकर फराळाचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, लतिकाबाईंच्या जिवाभावाच्या मैत्रीण. दोघी कार्तिकस्नानाला, भजनाला, भाजीला जोडीने जात. टीव्हीवर बनारसचाच कुठला तरी नवा सिनेमा चालला होता. नायक दशाश्वमेधावर उभा राहून दाढी कुरवाळत होता.

"हाही नापास," शेवडे म्हणाले. त्यांना बऱ्याच दिवसांनी सूर सापडत होता. "पण त्या आगगाडीच्या नावेपेक्षा बरा. आठवतो कालिंदीताई, राजा घाटावर शूटिंग झालं होतं तो? त्याच्याइतका टुकार पिक्चर काशीवर दुसरा निघाला नाही."

कालिंदीताई चिवड्यातले दाणे निवडत होत्या. "भाऊजी, त्याला तरी नाव नका ठेवू," त्या म्हणाल्या. "त्यात आमची लतिका आहे."

"कशात?"

"त्या पिक्चरमध्ये." कालिंदीताईंनी मान वर केली. शेवड्यांचा चेहरा बघून त्यांचा हात डब्यातच राहिला. "तुम्ही पाहिला होता ना?"

ऋताने टीव्हीचा आवाज बंद केला. "मावशी, काय म्हणताय तुम्ही? आई पिक्चरमध्ये?"

"अगं, कार्तिकातली गोष्ट. आम्ही सगळ्या सकाळी नहायला गेलो होतो. ते लोक कॅमेरा लावून बसलेले. एक पोरगी पळत आली, बोलली, आंटी, आप लोग ऐसे ही साड़ी पहनती हैं? आम्ही नऊवारीत होतो ना. मग बोलली, बस दीया छोड़ना है, कैमरे की तरफ मत देखना. आम्ही कुणी नाही पाहिलं. हिने पाहिलं. एकदम सरळ. तो डायरेक्टर परेशान, त्याने दुबारा करायला लावलं, तर हिने परत पाहिलं. मी बोलले, अगं बाई, काय करतेस? तर म्हणते, आमच्या यांना समजायला नको का मी आहे म्हणून? पाठमोऱ्या तर आपण सगळ्या सारख्याच."



"मला बोलली का नाही?" शेवड्यांनी विचारलं.

"तुम्ही त्या शूटिंगवाल्यांना किती बोलत होते, आठवा. तिने आम्हाला शपथ घातली. सांगू नका, यांना पडद्यावरच दिसू दे, मग बघू काय म्हणतात." कालिंदीताईंचा आवाज बारीक झाला. "पिक्चर लागला तर आम्ही सगळ्या गेलो. लतिका नाही आली. बोलली, मी यांच्याबरोबरच पाहीन. मग नंतर विचारलं तर म्हणाली, राहू दे. तुम्हीपण काही बोलले नाही. आम्हाला वाटलं, तुम्हाला राग आला असेल. म्हणून कुणी गोष्टच नाही काढली."

"म्हणजे आईनेसुद्धा नाही पाहिला?" ऋताने विचारलं.

"नाही ना गं."

शेवड्यांना लाज वाटली. दुःख नंतर आलं, आधी लाज आली, आणि तीही अशी की कालिंदीताईंकडे बघवेना. ती खीर त्यांनी दोन वाट्या खाल्ली होती. बायको दारात उभी राहून विचारत होती आणि ते तिला भाताची शितं सांगत होते.

"कुठे आहे ती?" त्यांनी विचारलं. "कुठल्या भागात?"

"मध्यंतरानंतर," कालिंदीताई म्हणाल्या. "बरंच नंतर."

सिनेमाचं नाव शेवड्यांना पाठ होतं. नापासांची नावं ते विसरत नसत. ऋताने सगळीकडे शोधलं, पण असा पडलेला सिनेमा कोण जपून ठेवणार? टीव्हीतल्या हजारोंमध्ये तो नव्हता. तिने बँकेतल्या कुणाला फोन केले, सीडी विकणाऱ्यांना विचारलं. गोदौलियाच्या बाजारातला एक दुकानदार म्हणाला, "मैडम, सीडी अब कौन रखता है?" दोन दिवस शेवडे टीव्हीसमोरच्या खुर्चीत नुसते बसून राहिले. जेवायला हाक मारली की येत आणि अर्ध्यावर उठत. तो सिनेमा मिळालाच नाही तर काय, हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण घरात दुसरा विषयच नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऋता ओरडली, "बाबा, मिल गया!" यूट्यूबवर कुणीतरी चढवला होता. जुने पडेल सिनेमे फुकट दाखवणारं कसलं तरी चॅनल होतं. तिने कालिंदीताईंना बोलावून आणलं आणि सिनेमा टीव्हीवर लावला.

"थांबा, सरळ पुढे नेते," ती म्हणाली. "मावशी, कुठे आहे साधारण?"

"पुढे नको," शेवडे म्हणाले. "पहिल्यापासून लाव."

"बाबा, अडीच तासांचा आहे! रहने दो ना. तुम्हीच तर म्हणता फालतू आहे."

"असू दे. पहिल्यापासून."

नामावळी सुरू झाली आणि शेवडे खुर्चीत पुढे सरकले. अक्षरं उलटी होती. घाटांच्या भिंतींवरची नावंही उलटी होती आणि नदी भलत्याच दिशेला चालली होती.

"हे काय? उलटी गंगा?"

"चोरून टाकतात ना, तर पकडले जाऊ नये म्हणून पिक्चर फिरवून टाकतात," ऋता म्हणाली. "डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. दुसरा नाही मिळाला, बाबा."

"चालेल," शेवडे म्हणाले.

सिनेमा होता तसाच होता. नायक मुन्शी घाटावर नावेत बसला, त्याने कडवं म्हटलं आणि तो शिंदे घाटावर उतरला. बापाच्या माळा होत्या, घंटा होत्या. शेवडे मधूनच 'फेल' म्हणाले, सवयीने. कालिंदीताईंना डुलकी लागली. मग पडद्यावर मध्यंतराची पाटी आली, तीही उलटी. ऋताने वडिलांकडे पाहिलं. शेवडे खुर्चीचे हात धरून बसले होते.

"चहा करू?"

"नंतर."

पुढचा भाग आणखी वाईट निघाला. नायिका बुडाली नाही, तिची स्मृती गेली. पण एका ठिकाणी एक म्हातारा नावाडी नावेच्या टोकाशी बसून हिरव्या मिरचीबरोबर भात खात होता. कुणी गात नव्हतं, कुणी रडत नव्हतं, तो नुसता जेवत होता आणि हाताने माश्या वारत होता. शेवडे बघत राहिले. "हे चांगलंय," ते म्हणाले. ते इतकं हळू म्हणाले की ऋताला ऐकू गेलं नाही.

मग कालिंदीताईंना जाग आली आणि त्यांनी ऋताचं मनगट धरलं. "आता," त्या म्हणाल्या.

राजा घाट. सकाळचा तांबूस उजेड. पायऱ्यांवर नऊवारीतल्या बायकांची ओळ, पाण्यावर वाकून दिवे सोडणारी. नायिका केस मोकळे सोडून रडत त्यांच्या पुढून धावली. ती बहुधा त्या वेळी चांगली रडली असावी, म्हणून तेच दृश्य ठेवलं असणार. तिच्यामागे ओळीतली एक बाई दिवा सोडून उभी राहिली, तिने ओला हात पदराला पुसला आणि सरळ समोर पाहिलं. हसली नाही. ओळखलंत का, असं दारातून विचारावं तसं पाहिलं. पुढे दुसरं दृश्य आलं.

कालिंदीताई रडायला लागल्या. ऋताने न विचारता चित्र मागे नेलं. लतिकाबाई पुन्हा उभ्या राहिल्या आणि त्यांनी पुन्हा पाहिलं. ऋताने चित्र तिथेच थांबवलं.

शेवडे उठून टीव्हीजवळ गेले. पदर उजव्या खांद्यावर होता. नाकातली चमकी उजवीकडे होती. भांग पलीकडे गेला होता. लतिकाच होती, पण तिला डावीकडून ओळखणाऱ्या माणसाला जरा अनोळखी वाटावी अशी.

"ही अशी नाही," ते म्हणाले.

"बाबा, मी बोलले ना, फिरवून..."

"हो, हो."

ते आतल्या खोलीत गेले. फळीवरचे डबे हलवल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात लतिकाबाईंचा कुंकू लावायचा आरसा होता, वीतभर, कडेचा पारा उडालेला. त्यांनी तो धोतराच्या सोग्याने पुसला. मग ते टीव्हीकडे पाठ करून उभे राहिले आणि आरसा डोळ्यांसमोर धरून थोडा इकडे, थोडा तिकडे करू लागले. ऋताला आधी काही समजेना.

"काय करताय बाबा?"

"चालू कर. तिथूनच."

ऋताने चालू केलं. आरशात राजा घाट सरळ झाला. गंगा वाहायची तिकडे वाहू लागली. बाई दिवा सोडून उभी राहिली, पदर डाव्या खांद्यावर, चमकी डावीकडे, आणि तिने पाहिलं. आरसा लहान होता. एका कडेला शेवड्यांचा कान, पांढरे कल्ले आणि एक डोळा मावला होता. बाकी सगळी लतिका होती.

दृश्य गेलं आणि सिनेमा पुढे चालू राहिला. नायिकेची स्मृती परत आली, बापाने माळा काढून गंगेत टाकल्या. शेवडे हलले नाहीत. आरसा धरून धरून त्यांचा हात भरून आला, तसा त्यांनी दुसऱ्या हाताने मनगटाला आधार दिला. कालिंदीताई डोळे पुसून डबा आवरत होत्या.

"बाबा, बसा आता," ऋता म्हणाली. "आई तर येऊन गेली. बंद करू?"

"थांब," शेवडे म्हणाले. "तिचा पाहून व्हायचाय अजून."